शिष्यवृत्ती आणि तिच्या अटी : राज्यशास्त्राच्या तरुण अभ्यासकांविषयी काही ऐतिहासिक विचार

शिष्यवृत्तीचा इतिहास लिहिताना दात्याचे औदार्य आणि घेणाऱ्याची गुणवत्ता या दोनच गोष्टींकडे सामान्यतः लक्ष दिले जाते. रक्कम किती, ती कोणी दिली, कोणास मिळाली आणि तो पुढे किती मोठा झाला, एवढे सांगितले की चरित्रकाराचे काम संपते. परंतु दाता आणि अभ्यासक यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे शिष्यवृत्तीची अट. कधी ती करारपत्रावर लिहिलेली असते, कधी नियमावलीत दडलेली असते, आणि कधी ती कोठेच लिहिलेली नसते. मोडल्यावरच अभ्यासकास तिचे अस्तित्व कळते. गणिताच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या अटीस फारसे महत्त्व नाही, असे एक वेळ म्हणता येईल. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या अभ्यासाचा विषय राज्यसंस्था हा असतो, आणि त्यास पैसे पुरविणारीही बहुधा राज्यसंस्थाच असते. ज्याचे अन्न खावयाचे त्याचीच परीक्षा करावयाची, असा हा चमत्कारिक संबंध आहे.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्राशी संबंध असलेल्या काही शिष्यवृत्त्यांचा विचार या अटींच्या अनुरोधाने करावयाचा आहे. त्यांपैकी १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव रामजी आंबेडकर यांस दिलेल्या शिष्यवृत्तीचा विचार विस्ताराने केला आहे. कारण तिच्यात या प्रश्नाची जवळजवळ सर्व अंगे एकत्र आलेली दिसतात.

आपल्याकडील विद्याश्रयाची जुनी पद्धत म्हणजे दक्षिणा. श्रावणात पुण्यास विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची पेशव्यांची प्रथा सुप्रसिद्धच आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी ही प्रथा एकाएकी मोडली नाही. एल्फिन्स्टन साहेबांच्या धोरणाप्रमाणे ती आकुंचित रूपात चालू राहिली, आणि १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली तीही याच धोरणाचा भाग म्हणून. १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख व त्यांच्या मताच्या पुण्यातील तरुणांनी असा अर्ज केला की, या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा. जुन्या मंडळींनी मोठाच गिल्ला केला. सुधारकांच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत जोतीराव फुले होते. पुढे १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. याच कमिटीने १८५५ साली फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक नाकारले. तेव्हा निधीचे रूप पालटले तरी तो कोणाच्या हातून जातो हा प्रश्न तसाच राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाल्यावर याच निधीच्या आधारे कॉलेजांतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. फेलोने स्वतःचा अभ्यास चालवावा आणि खालच्या वर्गांस शिकवावे, अशी ही योजना होती. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या फेलोंच्या पहिल्या पिढीतले. आधुनिक अर्थाने ज्यास संशोधन-अधिछात्रवृत्ती म्हणता येईल ती आपल्या इलाख्यात येथून सुरू होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. राज्यशास्त्र या नावाचा स्वतंत्र विषय त्या काळी कॉलेजात नव्हता. इतिहास, अर्थशास्त्र आणि कायदा यांच्या आडूनच राज्यविषयक विचार होत असे.

रानड्यांच्या चरित्रकारांनी याच काळातील एक हकीकत नमूद केली आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना केली, आणि ती इंग्रजी अमलास अनुकूल नव्हती. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नामांकित भाष्यकार. विद्यार्थ्यांवर त्यांचे प्रेम होते आणि रानड्यांच्या बुद्धीविषयी त्यांस आदरही होता. तरीसुद्धा, जे सरकार तुम्हांस शिकवीत आहे त्याची निंदा तुम्ही करू नये, अशी समज त्यांनी या तरुणास दिली आणि त्याची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. फेलोने सरकारच्या राज्यपद्धतीविषयी प्रतिकूल मत मांडू नये असे कलम कोणत्या नियमावलीत होते? ते कोठे लिहिलेले असण्याची गरजच नव्हती. ग्रँटसाहेबांचा युक्तिवाद कृतज्ञतेचा होता, आणि कृतज्ञतेचा युक्तिवाद नेहमीच अलिखित असतो. रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला, म्हणजे या प्रसंगानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. मधल्या काळात ते सरकारी न्यायखात्यात होते आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्तीही झाले. चाळीस वर्षांचे सारे श्रेय त्या सहा महिन्यांस देणे अन्यायाचे होईल. परंतु एक विषय मनात धरून ठेवण्याची ही चिकाटी पाहिली म्हणजे त्या शिक्षेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या अलिखित अटीस उघड उत्तर दिले ते १९०५ च्या सुमारास लंडनमध्ये, आणि तेही एका शिष्यवृत्तीच्या अटीनेच. श्यामजी कृष्णवर्मा हे मूळचे कच्छमधील मांडवीचे. हर्बर्ट स्पेन्सर यांच्या अंत्यविधीच्या वेळी, डिसेंबर १९०३ मध्ये, त्यांनी ऑक्सफर्ड येथे स्पेन्सरच्या नावाने व्याख्यानमाला सुरू करण्यास एक हजार पौंड देऊ केले. त्यानंतर हिंदी पदवीधरांस इंग्लंडात शिक्षण पुरे करता यावे म्हणून दोन दोन हजार रुपयांच्या पाठ्यवृत्त्या त्यांनी जाहीर केल्या. अट अशी की, पाठ्यवृत्ती घेणाऱ्याने मायदेशी परतल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी, पद किंवा वेतन स्वीकारू नये. सरदारसिंह राणा यांनी त्यांत आणखी तीन शिष्यवृत्त्यांची भर घातली. त्यांतील एकीस शिवाजीमहाराजांचे नाव होते. ती लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकर यांस मिळाली आणि जून १९०६ मध्ये ते इंग्लंडास निघाले. तेथे त्यांचा अभ्यास मुख्यतः कायद्याचा आणि इतिहासाचा होता. १८५७ वरील त्यांचा ग्रंथ याच वास्तव्यातला. तो १९०९ साली प्रसिद्ध झाला, आणि प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्याच्यावर बंदी आली.

श्यामजींची अट सरकारच्या अटीविरुद्ध होती खरी, पण घडणीने ती तिची जुळी बहीणच होती. विद्यार्थ्याचे पुढील आयुष्य कोणत्या बाजूस जावे हे दात्याने अगोदरच ठरविलेले होते. त्याच वर्षी, जून १९०५ मध्ये, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्यातील उमेदवारास पाच वर्षे राजकीय प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास आणि देशप्रवास करावा लागे. निर्वाहाची व्यवस्था समाज करी आणि त्या बदल्यात माणूस आपले जन्म समाजास देई. यासही एक प्रकारची राज्यशास्त्राची पाठ्यवृत्तीच म्हटले पाहिजे, आणि तिची अट सर्वांत जड होती. तथापि, या समाजाच्या वातावरणात अभ्यासाची जी शिस्त वाढली तिचे फळ म्हणून रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्याची गोखले संस्था उभी राहिली. तिच्या नावात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही आहेत. प्रत्यक्षात अर्थशास्त्राने राज्यशास्त्रास कोपऱ्यात बसविले, हा भाग निराळा.

आता बडोद्याकडे वळू. सयाजीराव गायकवाड यांस उच्च शिक्षणाविषयी कळकळ होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ती कळकळ भावनेपुरती नव्हती, तिला कारभाराचा हिशेब होता. १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या या राजास शाळा, ग्रंथालये, हिशेबखाते आणि न्यायखाते चालविण्यास शिकलेली माणसे हवी होती. अमेरिकेत त्यांनी प्रवास केलेला होता. विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून १९१० पासून त्यांनी संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था लावून घेतली. अमेरिकेत विद्यार्थी पाठविणे हे याच धोरणाचे पुढचे पाऊल होय.

आंबेडकरांस बडोद्याचे साहाय्य प्रथम मिळाले ते एल्फिन्स्टन कॉलेजात असताना. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या मध्यस्थीने दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती त्यांस मिळू लागली. बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण लवकरच वडिलांच्या आजारामुळे त्यांस परतावे लागले आणि २ फेब्रुवारीस रामजी सुभेदारांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच संस्थानाने अमेरिकेत शिक्षण घेण्यासाठी विद्यार्थी निवडण्याचे ठरविले व त्यांत आंबेडकरांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची. मुदत १५ जून १९१३ ते १४ जून १९१६. विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशा अटी होत्या.

तीन वर्षांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची नोकरी हा व्यवहार आज कठोर वाटेल. परंतु या कराराचे खरे वैशिष्ट्य त्यात काय नाही यावरून कळते. विद्यार्थ्याच्या वेळेवर आणि त्याच्या पुढील नोकरीवर संस्थानाने हक्क सांगितला आहे; अभ्यासाचे विषयही स्वतःच्या मान्यतेखाली ठेवले आहेत. मात्र त्या विषयांत कोणत्या निष्कर्षास यावे, इंग्रजी राज्याविषयी काय बोलावे वा बोलू नये, याविषयी चरित्रकारांनी दिलेल्या अटींत एक अक्षरही नाही. ही गोष्ट त्या काळाच्या संदर्भात पाहिली पाहिजे. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात बादशहास मुजरा करताना सयाजीरावांनी योग्य तो आदर दाखविला नाही, असा गवगवा इंग्रजी वृत्तपत्रांनी केला होता. संस्थानावर संशयाची नजर होती. अशा वेळी परदेशी पाठवावयाच्या विद्यार्थ्याच्या तोंडास कुलूप घालणे हे एखाद्या भित्र्या दरबाराने प्रथम केले असते.

आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. ही विद्याशाखा म्हणजे जॉन बर्जेस यांनी १८८० साली स्थापन केलेल्या राज्यशास्त्र-विद्यालयाचे विस्तृत रूप. अमेरिकेत राज्यशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन पद्धतशीरपणे सुरू झाले त्यात या विद्यालयाचा वाटा फार मोठा आहे. १९०३ साली अमेरिकन राज्यशास्त्र परिषद निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झालेले फ्रँक गुडनाउ हे कोलंबियाचेच. येथे राज्यशास्त्र या शब्दाचा अर्थ व्यापक होता. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व सार्वजनिक कायदा हे सर्व या एका विद्याशाखेत नांदत असत. आंबेडकरांनी तीन वर्षांत घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद झालेली आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक. राज्यशास्त्राचे अवघे तीन! अशा विद्यार्थ्यास राज्यशास्त्राचा अभ्यासक म्हणावे की नाही, या प्रश्नावर आजच्या एखाद्या पात्रता समितीची बैठक दिवस मावळेपर्यंत चालेल. त्या तीन वर्षांतील शिक्षकांत सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन, शॉटवेल, गोल्डनवायझर ही नावे येतात. करारातील ‘नेमून दिलेले विषय’ या शब्दांचा अर्थ बडोद्याने किती सैल ठेवला होता हे या यादीवरून दिसते. किंवा बडोदे दूर होते आणि ग्रंथालय जवळ होते, असेही म्हणता येईल.

मे १९१५ मध्ये एम. ए. साठी आंबेडकरांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर प्रबंध सादर केला. हिंदुस्थानातून इंग्लंडात किती संपत्ती गेली आणि उलट इंग्लंडने हिंदुस्थानच्या पदरात काय टाकले याचा हिशेब त्यात मांडला आहे, आणि निष्कर्ष इंग्लंडला प्रतिकूल आहे. रानड्यांच्या निबंधास सहा महिन्यांची शिक्षा झाली होती; याही निबंधाचा सूर फारसा निराळा नाही. पण न्यूयॉर्कमध्ये त्यास पदवी मिळाली आणि बडोद्याहून साडेअकरा पौंड येतच राहिले. पुढील वर्षी, ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींची घडण, उत्पत्ती व वाढ या विषयावर आपला निबंध वाचला. त्यात सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्याबरोबर श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्येचाही परामर्श घेतला आहे. केतकरांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथ १९०९ साली अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठाच्या इथाका गावी प्रसिद्ध झालेला होता. दोन मराठी तरुणांचा जातिसंस्थेविषयीचा हा वाद अमेरिकन विद्यापीठांच्या आश्रयाने चालावा, हा योगायोग नव्हे. येथे त्या काळी असा आश्रय मिळाला असता असे वाटत नाही.

जून १९१६ मध्ये मूळ मुदत संपली. संस्थानाने एक वर्षाची मुदतवाढ दिली आणि आंबेडकर लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. परंतु १९१७ साली पुढील मुदतवाढ मिळाली नाही. प्रबंध अर्धा, बॅरिस्टरीचा अभ्यास अर्धा, अशा अवस्थेत त्यांस परतावे लागले. लंडन विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली, एवढाच काय तो आधार. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस उतरले. ग्रंथ ज्या जहाजाने येत होते ते युद्धात बुडाले.

करारातील दहा वर्षांच्या सेवेचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास गेले. तेथे त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी सरायीत त्यांनी नाव लपवून अकरा दिवस काढले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. आंबेडकर मुंबईस परत आले. संस्थानाने अभ्यासकाच्या दहा वर्षांवर हक्क सांगणारे कलम काळजीपूर्वक लिहिले होते; त्या दहा वर्षांत तो राहणार कोठे आणि त्यास पाणी कोण देणार, याचे कलम लिहिणे कोणास सुचले नाही. सयाजीरावांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण शिष्यवृत्ती ही समाजातील एका माणसास समाजाच्या वर उचलते आणि काम संपताच पुन्हा त्याच समाजात ठेवते, ही तिची मर्यादा बडोद्याइतकी स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

१९१७ ते १९२० ही तीन वर्षे संशोधनाच्या दृष्टीने तुटलेली आहेत. नोव्हेंबर १९१८ पासून आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पगारातून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे साहाय्य घेऊन आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. म्हणजे ज्या प्रबंधाचा पाया बडोद्याच्या पैशाने घातला गेला त्याचे छप्पर स्वतःच्या पगारावर, एका दुसऱ्या संस्थानिकाच्या स्नेहावर आणि मित्राच्या कर्जावर चढले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा लंडनचा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यास एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. कॅनन यांचे मत लेखकाच्या निष्कर्षांशी जुळत नव्हते, आणि हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. मार्गदर्शकाने असे करावे आणि विद्यार्थ्याने ते छापावे, हे दोघांसही भूषणावह होय.

कोलंबियाच्या पदवीची कथा त्याहून लांबली. तेथील डॉक्टरेटसाठी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास द्याव्या लागत. विद्याशाखेची स्वतःची प्रबंधमालाही १८९१ पासून निघत असे. नियम चांगला होता, कारण छापलेला प्रबंध जगापुढे जातो. पण त्याचा खर्च विद्यार्थ्यावर पडे, आणि गरीब विद्यार्थ्याच्या बाबतीत पदवी आणि विद्वत्ता यांच्यामध्ये छापखान्याचे बिल येऊन बसे. अभ्यासक्रम १९१६ साली संपला, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग यांनी १९२५ साली काढला, आणि पीएच. डी. मिळाली ती १९२७ साली. ग्रंथास सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि अर्पणपत्रिका सयाजीराव गायकवाडांच्या नावे आहे. शिक्षणाच्या कामी केलेल्या साहाय्याबद्दलची कृतज्ञता तीत व्यक्त केली आहे. ग्रँटसाहेबांनी रानड्यांकडे जी कृतज्ञता मागितली ती मौनाची होती. ही दुसरी कृतज्ञता मात्र एका अशा ग्रंथाच्या पहिल्या पानावर आली आहे, ज्यात साम्राज्य सरकारच्या वित्तकारभाराची निर्भीड चिकित्सा केलेली आहे.

घेणारा पुढे देणारा झाला तेव्हा त्याने कोणत्या अटी घातल्या, हे पाहणे उद्बोधक आहे. जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी त्यांनी व्हाइसरॉयला निवेदन दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी देशातील व परदेशातील शिष्यवृत्त्यांची मागणी होती. दरसाल तीन लाख रुपयांची रक्कम सरकारने मान्य केली, आणि १९४४-४५ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना या योजनेचा लाभ मिळू लागला. परंतु निवेदनातील एक मुद्दा आपल्या विषयाच्या अभ्यासकांस अस्वस्थ करणारा आहे. साहित्यादी कला आणि कायदा यांच्या शिक्षणाचा अस्पृश्यवर्गास फारसा उपयोग नाही. त्यांस विज्ञान आणि तंत्रज्ञान यांतील वरच्या दर्जाचे शिक्षण हवे, असे मत तेथे मांडले आहे. अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र आणि कायदा यांवर ज्याचे सारे कर्तृत्व उभे राहिले त्याने ही शिफारस करावी याचे आश्चर्य वाटते. तिचे कारण १९१७ च्या बडोद्यात शोधावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. राज्यसंस्थेचे ज्ञान असलेल्या माणसास राज्यात जागा देणे समाजाच्या मर्जीवर अवलंबून असते. यंत्र जाणणाऱ्याची गरज मात्र समाजास नाइलाजाने मान्य करावी लागते. शिवाय ती शिफारस एका मंत्र्याची होती. मंत्र्यास माणसांची संख्या आणि नोकऱ्यांची संख्या दिसते. ग्रंथालयात एकटा बसलेला विद्यार्थी त्याच्या कोष्टकात येत नाही, मग तो मंत्री स्वतः तसा विद्यार्थी का असेना.

स्वातंत्र्योत्तर काळाविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती माहिती वाचकांस परिचित आहे. भारतीय राज्यशास्त्र परिषद १९३८ साली स्थापन झाली व पुढील वर्षी तिचे नियतकालिक सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगास १९५६ साली कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्याआधी, १९५० च्या फुलब्राइट करारान्वये आपले तरुण अभ्यासक अमेरिकेत जाऊ लागले होते. या शिष्यवृत्तीची अटही ध्यानात घेण्याजोगी आहे : शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. बडोद्याने दहा वर्षे मागितली होती आणि तीही स्वतःसाठी. येथे दाता घेणाऱ्यास त्याच्याच देशाकडे परत धाडतो. नियोजन मंडळाने १९६५ साली व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या विचारांतून १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद निघाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि जे. पी. नाईक पहिले सदस्य-सचिव. एक गोखले संस्थेत घडलेले, दुसरे कोल्हापूरकडील शिक्षणकार्यात तयार झालेले. पैसा सरकारचा, पण तो कोणास द्यावा याचा निर्णय विद्वानांच्या स्वायत्त मंडळाचा, हे तत्त्व प्रथमच संस्थेच्या रूपाने मान्य झाले. प्रबंध छापण्यासाठी अनुदान देण्याची या परिषदेची प्रथा कोलंबियाच्या छापखान्याची कथा जाणणाऱ्यास विशेष मोलाची वाटेल. स्वायत्ततेचे तत्त्व कितपत टिकले, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, तत्त्वाचा पराभव सरकारी दडपणाने जितका झाला तितकाच विद्वानांच्या आळसामुळेही झाला. अर्ज वाचण्याचे काम टाळणारा परीक्षक हाही एक अटच असतो.

गेल्या शतकाच्या अखेरीपासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेद्वारे कनिष्ठ अधिछात्रवृत्ती देण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिच्यात शिफारशीस जागा नाही हा तिचा मोठा गुण. केळुसकरांसारखा मध्यस्थ ज्यास लाभत नाही अशा मुलास आता मध्यस्थाची गरज उरली नाही. महाराष्ट्रात बार्टीची अधिछात्रवृत्ती आंबेडकरांच्या नावाने आणि राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती राजर्षी शाहूंच्या नावाने दिली जाते. १९२० साली ज्याने लंडनचे भाडे भरण्यास मदत केली आणि ज्याने ती घेतली, त्या दोघांची नावे आज निरनिराळ्या अर्जांच्या शिरोभागी आहेत.

अटींचा इतिहास मात्र संपलेला नाही. अनुसूचित जाती इत्यादींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. या योजनेच्या २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे कलम घालण्यात आले की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे संशोधनविषय या शिष्यवृत्तीस पात्र धरले जाणार नाहीत. समर्थन असे झाले की, भारताचा अभ्यास भारतात करता येतो आणि त्याची साधनेही येथेच आहेत. परदेशी खर्च परदेशी विद्येसाठी व्हावा. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, आणि १९४२ च्या निवेदनाचा आधारही त्यास कोणी देऊ पाहील. पण त्या निवेदनात विज्ञानास प्राधान्य मागितले होते; भारतविषयक प्रश्न विचारण्यास मनाई सुचविलेली नव्हती. विषयाच्या निवडीवर निर्बंध घालणारे असे कलम बडोद्याच्या करारातील ‘नेमून दिलेले विषय’ या शब्दांपेक्षा पुष्कळच घट्ट आहे, कारण बडोद्याने निदान काय शिकू नये हे सांगितले नव्हते. या कलमाच्या कसोटीस लावून पाहिले तर ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तव्यवस्थेवरील १९१५ चा प्रबंध, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रातील ९ मे १९१६ चा निबंध आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील १९२५ चा ग्रंथ हे तिन्ही भारताविषयीचेच अभ्यास ठरतात. इथाका येथे छापला गेलेला केतकरांचा ग्रंथही त्याच वर्गात मोडतो.